अहवालातील आकडा

दुपारचे तीन वाजलेले असतात. दुकानात गिऱ्हाईक तुरळक असते. गल्ल्यामागे बसलेले अण्णा कालच्या उधारीच्या नोंदी तपासत असतात आणि एवढ्यात धाकट्या मुलाच्या मोबाइलवर शहरातील प्रयोगशाळेचा अहवाल येतो. चार पानांच्या त्या अहवालात एकच ओळ ठळक अक्षरांत छापलेली असते. "अण्णा, बारा आलाय. दीडच्या आत पाहिजे होता." अण्णा चष्मा काढून खतावणीवर ठेवतात. पुढचा अर्धा तास दुकानात कोणी कोणाशी बोलत नाही. ज्यांच्या रक्तातील तो आकडा आहे त्या आई त्या वेळी घरी तूरडाळ निवडत बसलेल्या असतात. त्यांना अजून कोणी काही सांगितलेले नसते.

हे चित्र कोणा एका घराचे नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान ज्या ज्या व्यापारी कुटुंबात होते, तेथे थोड्याफार फरकाने ते दिसते. व्यापारी माणसाला आकडा वाचण्याची सवय असते आणि येथे नेमकी तीच सवय अडचणीची ठरते. बारा म्हणजे दीडच्या आठपट. थकलेले येणे आठपट झाले, तर बुडण्याची भीतीही तितकीच वाढली, हा हिशेब पेढीवर बरोबर असतो. शरीरात तो तसा चालत नाही. बारा आकडा असलेली स्त्री उपचार पूर्ण करून पुढे कित्येक वर्षे नातवंडांत रमू शकते; उलट आकडा मर्यादेच्या आत असूनही आजार पुढच्या अवस्थेत गेलेला असू शकतो. मग हा आकडा मोजतात तरी कशासाठी, त्याच्यावर किती विसंबावे आणि तो पाहून काय करू नये, हे घरातील कर्त्या माणसांनी आणि त्याहूनही आधी त्या रुग्ण भगिनीने समजून घेणे आवश्यक आहे.

आपल्या देशात हा प्रश्न लहान नाही. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळजवळ ८० हजार स्त्रियांचा मृत्यू झाला. भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल याचाच क्रमांक लागतो.

दुकानात आलेला तो आकडा बहुधा 'एस.सी.सी. अँटिजेन' नावाच्या प्रथिनाचा असतो. गर्भाशयमुखाच्या बाहेरील भागावर फरशीसारख्या चपट्या पेशींचे अस्तर असते. या रोगाच्या बहुसंख्य गाठी या चपट्या, म्हणजे स्क्वॅमस पेशींपासून निर्माण होतात. १९७७ साली काटो आणि तोरिगोए या जपानी संशोधकांनी अशा गाठीतील एका प्रथिनाची रक्तातून मोजणी करण्याची पद्धत मांडली. एका मिलिलिटर रक्तरसात दीड नॅनोग्रॅमपर्यंत हे प्रथिन सापडले, तर बहुतेक प्रयोगशाळा ते सामान्य मानतात. सोन्याच्या पेढीवर मिलिग्रॅमचा हिशेब ठेवणाऱ्यांना याची कल्पना लवकर येईल. त्या एका मिलिग्रॅमचे दहा लाख भाग केले, की त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम.

हे प्रथिन केवळ कर्करोगाचे असते तर गोष्ट सोपी होती. निरोगी त्वचेतही ते असते आणि लाळेतही असते. सोरायसिस किंवा इसब असलेल्या व्यक्तीच्या रक्तात ते वाढलेले सापडू शकते. मूत्रपिंडाचे काम मंदावले, तर ते शरीराबाहेर टाकले जात नाही आणि आकडा फुगतो. नमुना हाताळताना त्यात लाळेचा किंवा हाताच्या त्वचेचा अंश मिसळला, तरी चुकीचा आकडा येऊ शकतो. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. रोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेत पुष्कळ स्त्रियांमध्ये हा आकडा वाढलेलाच नसतो. म्हणून 'संपूर्ण शरीर तपासणी'च्या सवलतीच्या योजनेत मिळणारी ट्यूमर मार्करची यादी वाचून, आकडे मर्यादेत आहेत म्हणजे कर्करोग नाही, असा दिलासा मानणे धोक्याचे आहे. वाढदिवसाची भेट म्हणून आईवडिलांना अशी तपासणी करवून देण्याची पद्धत अलीकडे अनेक घरांत रूढ झाली आहे. भावना चांगली, पण मासिक पाळी थांबून कित्येक वर्षे झाल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागले आणि त्याच महिन्यात अहवालातील सर्व आकडे 'नॉर्मल' आले, तर ती स्त्री डॉक्टरांकडे जाणे लांबणीवर टाकते. त्या एका रक्तस्रावाचे वजन अहवालातील सगळ्या आकड्यांहून अधिक असते.

एस.सी.सी. अँटिजेनचा खरा उपयोग निदान झाल्यानंतर सुरू होतो. उपचारांपूर्वीचा आकडा जितका मोठा, तितकी गाठ मोठी असण्याची आणि रोग लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचलेला असण्याची शक्यता अधिक, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. डॉक्टर ज्याला 'प्रोग्नोसिस' म्हणतात, म्हणजे रोगाच्या पुढील वाटचालीचा अंदाज, त्याला या आकड्याने थोडी पुष्टी मिळते. थोडीच म्हणावयाची, कारण गाठ किती मोठी आहे, ती आजूबाजूच्या भागांत किती शिरली आहे आणि ग्रंथींत गेली आहे काय, हे प्रत्यक्ष तपासणी आणि एम.आर.आय. यांतून कळतेच. रोगाची अवस्था ठरवण्याच्या २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत ग्रंथींमधील प्रसाराला प्रथमच अधिकृत स्थान मिळाले. रक्तातील कोणत्याही प्रथिनाला मात्र त्यात जागा दिलेली नाही. अण्णांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारायचा तो 'आकडा किती?' हा नव्हे, तर 'अवस्था कितवी?' हा.

आणि अवस्था ऐकूनही घाबरून जाण्याचे कारण नसते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २००३ ते २०११ या काळात तिसऱ्या अवस्थेतील, म्हणजे रोग ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पसरलेल्या किंवा मूत्रवाहिनी दाबली गेलेल्या ८५० स्त्रियांवर एक मोठा अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांना केवळ किरणोपचार, म्हणजे बोलीभाषेतील 'शेक' देण्यात आला आणि निम्म्यांना शेकाबरोबर दर आठवड्याला सिसप्लॅटिन हे औषध. पाच वर्षांनंतर पहिल्या गटातील ४६ टक्के आणि दुसऱ्या गटातील ५४ टक्के स्त्रिया हयात होत्या. या स्त्रिया परदेशातील सुखवस्तू रुग्ण नव्हत्या. परळच्या रुग्णालयाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्याच देशातील होत्या. 'तिसरी स्टेज म्हणजे संपलेच' असे भाऊबंदांत बोलले जाते, तेव्हा त्या ५४ टक्क्यांची आठवण कोणी करून देत नाही.

आता अहवालाच्या दुसऱ्या पानाकडे वळले पाहिजे. ते रक्ताचे नसते, बायोप्सीचे असते, आणि त्यावर 'पी-१६ पॉझिटिव्ह' असे शब्द असतात. या दोन शब्दांनी काही घरांत रक्तातील आकड्यापेक्षाही अधिक अनर्थ घडवला आहे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे, म्हणजे एच.पी.व्ही.मुळे होतो. हॅराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली या गाठींत विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार आणि पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा प्रकार शोधून काढला. या दोन प्रकारांमुळे सुमारे ७० टक्के रुग्ण होतात. या कार्यासाठी त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू पेशीत शिरून दीर्घकाळ टिकला, तर तेथे आपली दोन प्रथिने निर्माण करतो. त्यांना ई-६ आणि ई-७ म्हणतात. पेशीमध्ये वाढीवर नियंत्रण ठेवणारी जी प्रथिने असतात, त्यांपैकी पी-५३ हे पेशीच्या जनुकांत बिघाड झाला की विभाजन थांबवते, आणि आर.बी. हे विभाजनाची वेळ येईपर्यंत दार बंद ठेवते. ई-६ हे पी-५३ ला नष्ट करवते आणि ई-७ हे आर.बी. ला निकामी करते. इतर अनेक कर्करोगांत पी-५३ चे जनुकच बिघडलेले सापडते. येथे जनुक बहुधा शाबूत असते, पण त्यापासून तयार होणारे प्रथिन टिकू दिले जात नाही. प्रयोगशाळेत अशा पेशींतील ई-६ आणि ई-७ बंद पाडले, तर त्यांची बेसुमार वाढ थांबते, असे दिसले आहे.

पी-१६ चे कोडे येथे उलगडते. हे प्रथिन मुळात शत्रू नव्हे, पेशीची वाढ रोखणाराच एक रखवालदार आहे. त्याचे काम आर.बी. च्या मार्फत चालते. आर.बी. निकामी झाले, की याच्या ओरडण्याचा उपयोग होत नाही आणि तो आणखी मोठ्याने ओरडू लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली पी-१६ चा गडद तपकिरी रंग दिसतो तो याच आरडाओरड्याचा. म्हणून पी-१६ पॉझिटिव्ह याचा साधा अर्थ असा, की ही गाठ बहुधा विषाणूमुळे झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या वर्गीकरणात या गाठींची विषाणूजन्य आणि विषाणूखेरीज होणाऱ्या अशी विभागणी करण्यात आली. त्यांतील विषाणूजन्य गाठींची पुढील वाटचाल सामान्यतः बरी असते. किरणांना त्या अधिक चांगला प्रतिसाद देतात. 'पॉझिटिव्ह' हा शब्द वाचून घर हादरते, पण येथे तो तुलनेने दिलाशाचा शब्द आहे.

अडचण पुढे असते. धाकटा मुलगा रात्री मोबाइलवर शोधतो आणि त्याला कळते, की हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. मग घरात एक विचित्र शांतता पसरते. कोणी काही विचारत नाही, पण सगळे काही विचारल्यासारखे वागतात. वास्तविक, शरीरसंबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात केव्हा ना केव्हा गाठतोच. दहांतील नऊ वेळा शरीर त्याला एक-दोन वर्षांत हुसकावून लावते. जो टिकून राहतो त्यालाही कर्करोग घडवायला पंधरा-वीस वर्षे लागू शकतात. आज साठीत निदान झालेल्या आईंच्या शरीरात तो केव्हा आला, कोणाकडून आला, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. लग्नानंतर एकनिष्ठ राहिलेल्या स्त्रीलाही तो पतीकडून मिळालेला असू शकतो, आणि पतीला कदाचित तिच्याशी विवाह होण्यापूर्वीच मिळालेला असू शकतो. पी-१६ चा अहवाल हा चारित्र्याचा दाखला नाही. ज्या घरात तो तसा वाचला गेला, तेथे रुग्ण स्त्रीने पुढच्या तपासणीला जाण्याचे टाळल्याची उदाहरणे कर्करोगाच्या डॉक्टरांना नवी नाहीत.

विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार ज्या पेशींत आढळतो, त्या पेशींचा इतिहास येथे आठवतो. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात हेन्रिएटा लॅक्स नावाची एक कृष्णवर्णीय स्त्री १९५१ साली या रोगाने जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात दाखल झाली. तिच्या गाठीतील पेशी तिला न विचारता काढून घेण्यात आल्या. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढत राहिल्या आणि 'हेला' या नावाने जगभर पोहोचल्या. पोलिओच्या लशीपासून कर्करोगाच्या संशोधनापर्यंत त्यांचा उपयोग झाला. ती स्वतः त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, वयाच्या ३१ व्या वर्षी, मरण पावली. आपल्या पेशींचे काय झाले हे तिला कळले नाही आणि तिच्या कुटुंबालाही सुमारे दोन दशके कोणी सांगितले नाही. पुढे तिच्या गाठीची फेरतपासणी झाली तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. आरंभी ती चपट्या पेशींची गाठ म्हणून नोंदली गेली होती, परंतु प्रत्यक्षात ती ग्रंथिपेशींची, म्हणजे अॅडिनोकार्सिनोमा प्रकारची होती. हा फरक आजच्या रुग्णासाठीही महत्त्वाचा आहे. अॅडिनोकार्सिनोमा असलेल्या बहुतेक स्त्रियांत एस.सी.सी. अँटिजेन वाढत नाही, तेथे सी.ए.-१२५ किंवा सी.ई.ए. या प्रथिनांकडे पाहावे लागते. बायोप्सीतील गाठीचा प्रकार न पाहता रक्ताचा आकडा वाचणे म्हणजे कोणत्या मालाचा भाव आहे हे न पाहता भाव वाचण्यासारखे आहे.

गेल्या काही वर्षांत अहवालात आणखी एक नाव दिसू लागले आहे, पी.डी.-एल.१. शरीराच्या रक्षक पेशी परक्याला ओळखून मारतात. काही कर्करोग पेशी आपल्या पृष्ठभागावर हे प्रथिन मिरवतात आणि रक्षकांना थोपवतात. रक्षकांवरील हा लगाम सोडवण्याच्या मार्गाचा पाया घालणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल मिळाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात त्यावर आधारित पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाचा मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. रोग दूरवर पसरलेल्या किंवा उलटलेल्या ६१७ स्त्रियांचा त्यात समावेश होता. ज्यांच्या गाठीत पी.डी.-एल.१ सापडले होते, त्यांच्यापैकी केमोथेरपीबरोबर हे औषध मिळालेल्या ५३ टक्के स्त्रिया दोन वर्षांनी हयात होत्या. हे औषध न मिळालेल्यांत ते प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. पसरलेल्या रोगात हा फरक लहान म्हणता येणार नाही.

या प्रथिनाची जात मात्र वेगळी आहे. एस.सी.सी. अँटिजेन रोगाच्या वाटचालीचा अंदाज देते. पी.डी.-एल.१ हे मुख्यतः अमुक औषध लागू पडण्याची शक्यता किती, हे सांगते. हे दोन प्रश्न निराळे आहेत आणि घरातील चर्चेत ते हमखास एकत्र कालवले जातात. पी.डी.-एल.१ आहे म्हणजे रोग अधिक जहाल, किंवा नाही म्हणजे सौम्य, असा अर्थ त्यातून काढू नये. ज्या स्त्रीचा रोग ओटीपोटापुरताच मर्यादित आहे, तिच्या उपचारांचा कणा आजही शेक आणि सिसप्लॅटिन हाच आहे. औषध महाग आहे. कर्ज काढण्यापूर्वी 'या अवस्थेत याचा निश्चित फायदा दिसला आहे काय?' हे डॉक्टरांना स्पष्टपणे विचारण्यात संकोच कसला? दुकानात माल घेताना आपण याहून अधिक प्रश्न विचारतो.

याखेरीज डझनावारी प्रथिनांची नावे शोधनिबंधांतून येत असतात. कोणते रक्तवाहिन्यांच्या वाढीशी निगडित, कोणते पेशींच्या विभाजनाच्या वेगाशी, कोणते प्राणवायूच्या कमतरतेशी. 'नवा मार्कर सापडला' अशी बातमी वर्तमानपत्रात वरचेवर छापून येते. यांतील बहुसंख्य प्रथिने रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचत नाहीत. एका रुग्णालयातील साठ-सत्तर रुग्णांत दिसलेला संबंध दुसऱ्या ठिकाणी तपासला की विरून जातो. या गोंधळाला आळा बसावा म्हणून अशा अभ्यासांची मांडणी कशी असावी याचे आंतरराष्ट्रीय निकष २००५ साली ठरवावे लागले. बातमी वाचून पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत फोन करत बसण्यापेक्षा जे प्रथिन प्रत्येक गावात मोजता येते त्याकडे पाहिलेले बरे.

ते प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. त्याला कोणी ट्यूमर मार्कर म्हणत नाही, पण या रोगात त्याचे महत्त्व जुने आणि सिद्ध आहे. ज्या स्त्रियांचे रक्त उपचारांच्या वेळी कमी असते, त्यांच्यात शेकाचा परिणाम कमी दिसतो. किरणांनी पेशींची जी हानी होते ती पक्की होण्यासाठी प्राणवायू लागतो, आणि प्राणवायूला उपाशी असलेली गाठ किरणांपुढे दोन-तीनपट अधिक तग धरते. महिनोन्‌महिने अंगावरून जात असताना 'होईल बरे' म्हणत काम करत राहिलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन सात किंवा आठवर आलेले असते. डॉक्टर ते वाढवण्याचा प्रयत्न करतात; घराने त्याला आहाराची साथ द्यायची असते.

उपासाचा प्रश्न याच ठिकाणी येतो आणि त्याविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे. सिसप्लॅटिन हे औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते आणि त्यांना इजा करू शकते. त्यासाठी सलाइन देतात आणि भरपूर पाणी पिण्यास सांगतात. सूर्यास्तानंतर चौविहार पाळणाऱ्या, आयंबिल किंवा पर्युषणातील उपास सुरू ठेवणाऱ्या भगिनीने ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवली, तर मूत्रपिंडांवर ताण येतो, पुढची मात्रा थांबवावी लागते आणि रक्तातील एस.सी.सी.चा आकडाही फसवा होऊ शकतो. आजारी व्यक्तीसाठी व्रतात कोणती सवलत आहे, हे गुरुमहाराजांना विचारता येते. औषधाला सवलत ठाऊक नसते.

आता सर्वांत महत्त्वाच्या वळणाकडे. बाहेरून दिला जाणारा शेक साधारण पाच आठवडे चालतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रक्तस्राव थांबतो, दुखणे कमी होते. या काळात रक्त तपासले, तर बाराचा आकडा पाचवर, दोनवर आलेला दिसतो. घरात आनंद होतो. आणि नेमक्या याच वेळी ब्रॅकिथेरपी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या आत नळी ठेवून दिला जाणारा शेक बाकी असतो. 'आकडा तर उतरला, आता ते आतले कशाला? पुतण्याचे लग्न उरकून जाऊ' असा विचार पुढे येतो. स्त्रीलाही त्या उपचाराचा संकोच आणि भय वाटत असते, त्यामुळे तीही हो म्हणते. आकड्याच्या सर्व गैरवाचनांत हे सर्वाधिक घातक आहे. ब्रॅकिथेरपीमुळे गाठीच्या मुळाशी जितकी मात्रा पोहोचते तितकी बाहेरून पोहोचवता येत नाही. संपूर्ण उपचार आठ आठवड्यांच्या आत संपावेत, हा या रोगातील सर्वमान्य दंडक आहे. त्यापुढे लांबलेल्या प्रत्येक दिवसागणिक रोग आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असे जुन्या अभ्यासांतून दिसले आहे. लग्नासाठी पंधरा दिवस थांबणे म्हणजे काय, याचा हिशेब व्यापाऱ्याला शिकवण्याची गरज नाही. उपचारांच्या मध्यावर उतरलेला आकडा एवढेच सांगतो, की शेक लागू पडत आहे.

उपचार पूर्ण झाल्यावर आकडा पुन्हा कामाला येतो. सुरुवातीला तो वाढलेला असेल आणि नंतर मर्यादेत येऊन स्थिरावला असेल, तर पहिली दोन-तीन वर्षे ठराविक काळाने तो पाहता येतो. कारण रोग उलटायचा असला तर बहुधा याच काळात उलटतो. काही स्त्रियांत कोणतेही लक्षण दिसण्याच्या काही महिने आधी आकडा चढू लागतो. ही तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी, कारण यंत्रे आणि पद्धती बदलल्या की आकडे थोडे बदलतात. एकदा थोडा वाढलेला आकडा पाहून रात्रीची झोप घालवू नये. काही आठवड्यांनी तो पुन्हा तपासतात. आकडा लवकर कळल्याने आयुष्य वाढतेच, असे मात्र निर्विवाद सिद्ध झालेले नाही, म्हणून काही डॉक्टर तो नेमाने करवून घेतात आणि काही प्रत्यक्ष तपासणीवर भर देतात. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

आणि आईंना सांगायचे केव्हा? पुष्कळ घरांत हा निर्णय पुरुष मंडळी दुकानातच घेतात, तोही न सांगण्याचा. 'तिला सहन होणार नाही' असे म्हटले जाते. ज्या स्त्रीने बाळंतपणे सोसली, सासू-सासऱ्यांची शेवटची आजारपणे काढली, एकत्र कुटुंब सांभाळले, तिला सहन होणार नाही असे कशावरून ठरते? काय होत आहे हे ठाऊक नसलेल्या स्त्रीला ब्रॅकिथेरपीच्या खोलीत नेणे हे क्रौर्यच म्हटले पाहिजे. अंगावरून पुन्हा जाऊ लागले, पायाला सूज आली, कंबर एका बाजूने दुखू लागली, तर ही लक्षणे तिलाच ओळखावी लागतात. ती सर्वांआधी तिलाच कळतात.

त्याच घरात सुना असतात, मुली असतात, आणि आजारपणाच्या धावपळीत त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. येथे महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. भुसार मालाच्या बाजारपेठेमुळे व्यापाऱ्यांना परिचित असलेल्या बार्शीत नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. तेथील डॉक्टर आणि टाटा स्मारक रुग्णालय यांनी आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साहाय्याने त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ सालापासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात केवळ एकदा एच.पी.व्ही.ची तपासणी आणि गरजेप्रमाणे उपचार मिळालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने, जवळजवळ निम्म्यावर आले. ज्वारी-तुरीच्या शेतात राबणाऱ्या त्या स्त्रियांमुळे जगभरच्या तपासणी-धोरणांना आधार मिळाला.

ही तपासणी ट्यूमर मार्करच्या यादीत सापडत नाही, ती स्वतंत्रपणे मागावी लागते. तिच्यात रक्त काढत नाहीत. गर्भाशयमुखाजवळचा स्राव एका मऊ ब्रशने घेऊन त्यात विषाणूचा अंश शोधतात. कित्येक ठिकाणी हा नमुना स्त्रीला पडद्याआड स्वतःच घेता येतो, त्यामुळे संकोचाचेही कारण उरत नाही. विषाणू न आढळल्यास पुढील पाच वर्षे पुन्हा तपासणीची गरज सहसा भासत नाही. आईंच्या फाइलबरोबर रुग्णालयात जाणाऱ्या तिशी ओलांडलेल्या सुनेने त्याच फेरीत ती करवून घेतली, तर तिला पुन्हा वेगळा दिवस काढावा लागणार नाही.